पुकाऱ्याची खोली

४ मे, सोमवार

सगळ्यात आधी आली ती समोरची शिंपीण. तिच्या मागोमाग कोपऱ्यावरचा चावीवाला, आणि तो पायरीवर टेकतोय न टेकतोय तोच वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई उतरल्या. तिघांचं काम एकच. माझं पार्सल कुठं अडकलंय ते तुमच्या सुनेला विचारा. बाळा, हल्ली आपल्या घराला असा मान आलाय की काही विचारू नकोस. पूर्वी सूनबाई टपालखात्याचा निळा डगला घालून निघाली की ही मंडळी दुसरीकडे बघायची. आता दुकानं बंद, बाहेर पडायची चोरी, म्हणून जो तो टपालानं मागवतो. शिंपिणीला रिळं हवीत, ते ठीक आहे. चावीवाल्यानं व्यायामाचं लोखंड मागवलंय. अंगावर मूठभर मांस नाही त्याच्या, ते लोखंड दारापर्यंत आणणाऱ्या पोस्टमनचाच व्यायाम व्हायचा. मास्तरीणबाई काय मागवलंय ते सांगत नाहीत पण चौकशी रोज करतात, म्हणजे केसांचा रंग असणार.

एकाला पायरीवर, एकीला नळापाशी, एकीला जिन्यात असं लांब लांब बसवलं आणि घसा ताणून गप्पा मारल्या. तोंडाला फडकी, त्यामुळे निम्मं कळलं नाही, पण करमलं. सूनबाई घरी नाही म्हणून सांगितलं. होती खरं तर, पुढच्या खोलीत पडून होती. दमलीय, दुसरं काही नाही. धुळीनं जरा खोकते.

तू तिची सॉर्टिंगची खोली कधी पाहिली नाहीस. बायकोला सोडायला जायचास ते फाटकापर्यंत. मी डबा द्यायच्या निमित्तानं आत जाऊन आलेय, म्हणून सांगते. भिंतभर लाकडी खण, कबुतरांच्या खुराड्यासारखे, एकेका गल्लीचा एकेक खण. त्यांच्यापुढं माणसं खांद्याला खांदा लावून उभी, पाकीट उचल, बघ, टाक. आता पाकिटं थोडी आणि पार्सलं फार. खोकी छताला टेकलीत, उभं राहायला जागा उरली नाही म्हणून माणसं आणखीनच एकमेकांना चिकटलीत. आणि खिडक्या बंद. पंखासुद्धा बंद. कधीकाळी वावटळीनं टेबलावरचं सगळं टपाल रस्त्यावर नेलं होतं म्हणे, तेव्हापासून सॉर्टिंग चाललं असताना खिडकी उघडायची नाही असा नियम आहे. तिथल्या साहेबांना तो नियम आईच्या दुधासोबत मिळालाय.

पण त्या खोलीतली मजा म्हणजे पुकारा. एखाद्या पाकिटावरचा पत्ता लागेना झाला, कुणी वाकडंतिकडं लिहिलंय, शाई फुटलीय, नुसतंच 'पिवळ्या दाराच्या आजोबांना' असं घातलंय, की हातात असेल तो माणूस ते डोक्यावर धरून मोठ्यांदा वाचतो. सगळी खोली हातचं काम थांबवून ऐकते आणि ज्याला ठाऊक असेल तो ओरडतो. माझं, माझ्या गल्लीतलं. टपाल परत पाठवायची नामुष्की नको, हा त्यांचा अभिमान. पुकाऱ्यात सगळ्यांचे वस्ताद म्हणजे चष्मेकाका. निवृत्तीला आलेले, भिंगं बाटलीच्या बुडाएवढी, पण कागद हातात घेतला की पत्ता लागलाच. सूनबाईला सगळं काम त्यांनीच शिकवलं. आता अडचण अशी की फडक्यातून पुकारा ऐकू जात नाही. मग फडकं हनुवटीखाली ओढायचं, ओरडायचं, परत वर. दिवसभर तेच.

चष्मेकाका सध्या रजेवर आहेत.

जाताना तू म्हणालास, नोकरी सोड नाहीतर माझ्याशी बोलू नकोस. तिनं नोकरी सोडली नाही आणि बोलणं तू सोडलंस. मी म्हटलं तिला, तो काळजीनं बोलला गं. ती म्हणाली, माहितीय, पण मी घरी बसले तर माझे खण शेजारची भरेल, ती पडली की तिचे आणि माझे दोन्ही तिच्या शेजारची. एवढंच म्हणाली आणि डगला दोरीवर वाळत घातला. तुला यावर उत्तर सुचलं तर कळव.

तू जहाजावर अडकून पडलायस, कुठलंही बंदर उतरू देत नाही, हे फोनवर कळलं. पण फोनवर तू बरं आहे ना म्हणतोस, मी बरं आहे म्हणते, आणि लाइन जाते. कागद बरा, तो मधेच जात नाही. पाकीट जिभेनं चिकटवायचं नाही असं मला घरातून बजावलंय, म्हणून पाणी लावलंय. उघडं निघालं तर खात्याला बोल लावू नकोस.

१९ मे

तुझ्या कार्डाची गंमत आधी सांगते. ते आठ-दहा दिवस कचेरीतच फिरत होतं. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय शाईत बुडवून केलेला नाच, हे मी तुझ्या पहिलीपासून बोलतेय. एरवी तुझं कार्ड आलं की पुकारा व्हायचा. चष्मेकाका एका नजरेत ओळखायचे, जहाज आलं म्हणायचे, आणि सूनबाई हात वर करून म्हणायची, माझं. तेवढ्यावर अख्ख्या खोलीला कळायचं की तू खुशाल आहेस. हल्ली कार्डावर फक्त माझं नाव असतं, हेही अख्ख्या खोलीला कळलंय. कुणी बोलून दाखवत नाही. या खेपेला चष्मेकाकाही नव्हते आणि सूनबाईही नव्हती, म्हणून तुझं कार्ड टेबलाटेबलावरून हिंडत राहिलं. शेवटी आपल्या गल्लीच्या पोस्टमननं ते खिशात घातलं आणि एवढं भिकार अक्षर तुमच्याच मुलाचं म्हणून दारात आणून दिलं.

सूनबाई का नव्हती, ते आता सांगायला हरकत नाही, कारण उठलीय. गेल्या पत्रात मी दमलीय असं लिहिलं होतं. दमली होतीच, पण तापही होता. तोच ताप. पुढच्या खोलीत तिनं स्वतःला कोंडून घेतलं, आतून कडी लावली आणि उंबऱ्याबाहेर ताट ठेवायला सांगितलं. मी ताट ठेवून मागं सरायचे, ती दार किलकिलं करून घ्यायची. मधले दोन-तीन दिवस तिनं ताट घेतलं नाही. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तू समुद्रात, मी दाराबाहेर, दोघांनाही आत जाता येत नव्हतं, एवढं समज.

तुझ्या लेकीनं मात्र घर डोक्यावर घेतलं. आई हवी म्हणून रडून झालं, मग दाराला पाठ लावून बसली आणि पुकारा सुरू केला. घरात जे सापडेल त्याच्यावरचं वाचायचं. साबणाच्या वडीवरचं, चहाच्या डब्यावरचं, माझ्या औषधाच्या बाटलीवरचं. नुकतं वाचायला लागलीय, त्यामुळे एकेका शब्दाला केवढा वेळ. वाचून झालं की आतून बारीक आवाज यायचा, माझं. साबणही माझा, चहाही माझा. एके दिवशी आतून नुसतं दारावर बोट वाजलं. तुझी लेक माझ्याकडे बघून म्हणाली, आजी, चालेल ना, तिनं वाजवलं म्हणजे ऐकलं. मी म्हटलं, चालेल.

आता बरी आहे. भिंत धरून चालते, पण जेवते आणि कुरकुरते, म्हणजे बरीच आहे. चष्मेकाका रजेवर नाहीत, इस्पितळात आहेत. तेही मी तेव्हा लिहिलं नव्हतं. खोलीतले आणखी चार-पाचजण आडवे झालेत. उरलेले त्यांचेही खण भरतायत, अंधार पडेपर्यंत. साहेबांनी दारावर हात धुवायची बाटली टांगलीय, ती दुपारपर्यंत संपते. प्रत्येकाला एकेक फडकं दिलं, ते घरी नेऊन धुवायचं, वाळवायचं आणि सकाळी घालायचं. खिडक्यांचं विचारलं तर साहेब म्हणाले, नियम बदलायचा अधिकार मला नाही. हे ते स्वतःच्या खोलीतून म्हणाले. त्यांच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, दोन्ही उघड्या असतात.

शिंपिणीची रिळं आली. चावीवाल्याचं लोखंडही आलं. दोन पोस्टमननी मिळून आणलं, आणि त्यानं त्याचा उपयोग दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून केलाय.

२ जून

चष्मेकाका गेले. सरळच लिहिते, फिरवून लिहायला मला जमत नाही आणि तुला वाचायला वेळ लागतो. कुणाला भेटू दिलं नाही. खोलीतल्यांनी त्यांचा चष्म्याचा डबा त्यांच्या खणांवर ठेवलाय.

सूनबाई रडली नाही. ती म्हणाली, आई, शेवटच्या दिवशी ते माझ्याच शेजारी उभे होते. पत्ता लागत नव्हता, फडकं खाली करून ओरडत होते, आणि मी नीट ऐकायला त्यांच्याजवळ गेले. आता त्यांनी मला दिलं की मी त्यांना, ते कोण सांगणार. मी म्हटलं, खोलीनं दिलं दोघांना. हे मी उगाच तोंडाला आलं ते बोलले, पण ती माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. मी म्हटलं आणखी आठवडाभर थांब, पण नाकावर माशी बसू देईल तर ती तुझी बायको कसली. आणि जाऊन पहिलं काय केलं, तर खिडक्या उघडल्या. एक नाही, सगळ्या. काही खिळे मारून बसवलेल्या होत्या, त्या जड पेट्या सरकवायच्या पहारीनं उचकटल्या. कुणी अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही. सगळे बघत उभे. उजेड आत आला आणि एकमेकांचे चेहरे किती उतरलेत ते दिसलं म्हणे.

सकाळ छान गेली. पण बाळा, त्या माणसांची सगळी हयात बंद खिडक्यांत गेलेली. वारा आला तर पाकिटांवर काहीतरी ठेवावं लागतं, हे घराघरातल्या बाईला कळतं, त्यांच्या मात्र हाताला ती सवयच नाही. ढीग जसे रोज लावायचे तसेच उघडे लावले. दुपारी वारा फिरला. एका दमात अख्खं टेबल रिकामं, आणि टपाल खिडकीतून रस्त्यावर, पार आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत. पाकिटं झाडात, पाकिटं गटाराच्या जाळीवर, एक तर म्हणे समोरच्या न्हाव्याच्या बंद दुकानाच्या फटीतून आत गेलं, आणि न्हाव्याच्याच नावचं निघालं. मला हसू आवरेना, पण सूनबाईसमोर आवरलं.

लोक बंदी विसरून खाली आले. जो तो वेचत होता. शिंपिणीनं ओचा भरून आणली, चावीवाल्यानं झाडाला हलवलं, मास्तरीणबाईंनी गटाराजवळची उचलून पुसली. जवळजवळ सगळं मिळालं. जवळजवळ म्हणजे सगळं नव्हे, आणि खात्याला जवळजवळ चालत नाही. साहेब बाहेर आले आणि खिडकी कुणी उघडली म्हणून विचारलं. आता एवढ्या माणसांत गप्प बसून भागलं असतं. ही पुढं होऊन म्हणाली, "मी उघडली. उद्या पुन्हा उघडीन."

पहिल्या वाक्यावर समज देऊन सोडलं असतं. दुसऱ्यानं घात केला. आता वरच्या कचेरीचा निकाल येईपर्यंत घरी बसायचं, डगला घालायचा नाही, फाटकाच्या आत जायचं नाही. चौकशीत दोषी ठरली तर नोकरी गेली. आणि ती गेली की खिडक्यांना परत खिळे, मग त्या खोलीत कोण कुणाला काय देईल ते देवाला ठाऊक. तुला हवं होतं तसं झालं बघ, घरी बसलीय. येऊन बघ एकदा, कशी बसलीय ती.

खोलीतले सगळे रोज सकाळी कामावर जाताना आपल्या खिडकीखालून जातात. वळसा पडतो त्यांना. वर बघतात, ही हात करते, ते पुढं जातात.

११ जून, गुरुवार

आज घरी पाहुणे आले होते. वरच्या कचेरीतले, तिघं. ती आजारातून उठलेली म्हणून तेच घरी आले. एक वयस्कर गृहस्थ, काखेत फायली. एक तरुण पोरगा, लिहून घ्यायला. आणि एक बाई, जाड काचांचा चष्मा, बोलायला कमी. मला आनंद झाला, लपवत नाही. दार वाजून कुणी आत येऊन बसलं असं किती दिवसांत झालं नव्हतं. चहा टाकला, चांगले कप काढले, आणि मग लक्षात आलं की फडकी काढल्याशिवाय कुणी पिणार नाही. तसेच कप निवत राहिले.

फायलीवाल्यांनी टेबलावर कागद पसरले आणि नियम वाचायला घेतला. सॉर्टिंग चाललं असता खिडकी वगैरे. ते खिडकीपर्यंत पोचले तोच आपल्या खिडकीतून झुळूक आली आणि त्यांचा वरचा कागद उडून कपाटाखाली गेला. तरुण पोरगा रांगत गेला आणायला. फायलीवाले मला म्हणाले, आजी, ती खिडकी तेवढी लावून घ्या, कागद उडतायत.

मी लावली. पाहुण्यांनी सांगितल्यावर लावायला नको? दारही लोटलं, म्हटलं झोत तिकडूनही येतो.

मग बसले सगळे. आपली खोली तुला माहितीय, पाचजण म्हणजे गुडघ्याला गुडघा. वर उन्हाळा. फायलीवाले वाचत होते, फडक्यातून आवाज येईना, म्हणून त्यांनी ते हनुवटीखाली ओढलं आणि मोठ्यांदा वाचायला लागले. थोड्या वेळानं त्यांना ठसका लागला. साधाच असेल, चहा समोर असून घसा कोरडा. पण तो पोरगा खुर्चीसकट मागं सरकला, जाऊन भिंतीला टेकला. मीही पदर तोंडावर धरला, खोटं कशाला बोलू. सूनबाई जागची हलली नाही. मांडीवर हात ठेवून फायलीवाल्यांकडे बघत राहिली नुसती, आणि त्यांनी हळूच फडकं वर ओढून घेतलं.

मग त्या बाई उठल्या. खिडकी उघडली. ओट्यावरून माझा बत्ता उचलला आणि फायलीवाल्यांच्या कागदांवर ठेवला. खलबत्त्यातला बत्ता, ज्यानं तू लहानपणी माझी फरशी फोडली होतीस तोच. वारा येत होता, कागदांचे कोपरे फडफडत होते, पण जागचे हलत नव्हते.

बाईंनी विचारलं, "तिथं कशानं भागेल?"

"टेबलांना कडेनं उभी पट्टी लावली तरी पुरे," सूनबाई म्हणाली. "आणि ढिगावर वजन. ते त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही, ती चूक माझी. खिडकीची नाही."

तरुण पोरानं फायलीवाल्यांकडे बघितलं, लिहू का म्हणून. ते म्हणाले, लिहा.

मग बाईंनी पुकाऱ्याचं विचारलं. त्या जागेवर लोक तोंड उघडं टाकून ओरडतात, ते खरं का. सूनबाई म्हणाली, खरं. तेही थांबवायला हवं, भिंतीवर फळा लावून अडलेलं पाकीट त्याच्यावर टाचायचं, एकेकानं जाऊन बघायचं. म्हणाली, आणि मग खाली बघायला लागली. मला कळलं का ते. पुकारा म्हणजे चष्मेकाका. तो बंद करा असं सांगणारी हीच निघाली.

मला राहवलं नाही. मी आतून तुझं ते कार्ड आणलं आणि बाईंच्या हातात दिलं. म्हटलं, वाचा बघू पत्ता. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. फायलीवाल्यांनी लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. पोरगा म्हणाला, ही कुठली भाषा आहे. सूनबाईनं हात पुढं केला आणि गडबड न करता वाचून दाखवलं, घर, गल्ली, माझं नाव, सगळं. बाईंनी विचारलं, कसं जमतं. ती म्हणाली, चष्मेकाका सांगायचे, अक्षर वाचायचं नाही, कोण कुणाला लिहितंय ते बघायचं. मग ते कार्ड उलटं करून तिनं टेबलावर ठेवलं. बत्त्याखाली.

निकाल काही सांगितला नाही त्यांनी. फायलीवाले निघताना एवढंच म्हणाले की नियम कागदावर असतो, खोली बघितल्याशिवाय लिहिता येणार नाही. खिडक्या उघडून, टेबलं लावून, चालू कामात बघायची आहे, आणि तेव्हा हिनं तिथं डगल्यात हजर राहावं. साहेबांना तसं कळवतो म्हणाले. डगल्यात म्हणाले, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. बाई जिन्यात थांबल्या आणि बत्ता छान आहे म्हणाल्या. मी म्हटलं, घेऊन जा, आणि लगेच वाटलं, नेला तर मसाला कशात कुटू. नाही नेला.

ते गेल्यावर तिनं डगला काढला, पाणी शिंपडून इस्त्री केली आणि खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवला. तुझी लेक त्याच्या बाह्यांशी हात मिळवून आली. शिंपिणीला मी पाकिटांवर ठेवायला वाळूच्या पुरचुंड्या शिवायला बसवलंय, रिळांचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. चावीवाला व्यायामाचं लोखंड द्यायला तयार आहे, मोठ्या ढिगाला होईल म्हणतो. मास्तरीणबाईंचं पार्सल आलं. केसांचा रंग नव्हता, भाच्याचे बूट होते. मी मनातल्या मनात माफी मागितली.

आता तुझं. पुढचं कार्ड तिच्या नावानं घाल. काय लिहायचं ते तुझं तू बघ, नुसता पत्ता घातलास तरी चालेल. अक्षर सुधारू नकोस. ते फळ्यावर लागलं पाहिजे, सगळ्यांनी येऊन बघितलं पाहिजे, आणि पत्ता कुणालाच लागता कामा नये. ती बघेल.

पाणी लावूनच चिकटवतेय. आपल्या पोस्टमनच्या हातात देईन, खोलीतून जाईल, तिच्या माणसांच्या हातून. पाहुणे बुधवारी खोली बघायला येतो म्हणालेत, सकाळच्या टपालाच्या थैल्या उघडतात तेव्हा.